नाग नदी ते यानम : आमच्या फ्रेंच क्लासची वाटचाल

आमचा क्लास सुरू झाला तो नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत, चार मुलांवर. एक लाकडी टेबल, दोन सतरंज्या आणि भिंतीवर माझ्या बी.एड.च्या काळातला जगाचा नकाशा, एवढंच भांडवल. त्याआधी आठ वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. फ्रेंच शिकले ते नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन. शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की आता भूगोल सुटला. नकाशा भिंतीवर राहिला तो केवळ पोपडे झाकायला.

पहिलं वर्ष मी सगळे शिकवतात तसंच शिकवलं. शब्दांच्या याद्या, क्रियापदांची रूपं, शनिवारी चाचणी. मुलं शुक्रवारी रात्री पाठ करायची आणि सोमवारी कोरी होऊन यायची. अशाच एका यादीत दोन शब्द होते, 'फ्लव्ह' आणि 'रिव्हिएर'. दोन्हीपुढे मी मराठीत लिहिलं होतं, 'नदी'. सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, दोन्ही नदीच आहेत तर शब्द दोन काऊन?"

उत्तर भूगोलात होतं. जी नदी थेट समुद्राला मिळते ती फ्लव्ह, आणि जी दुसऱ्या नदीला जाऊन मिळते ती रिव्हिएर. सेन, ल्वार, गारोन, रोन या फ्लव्ह. सेनला मिळणाऱ्या मार्न आणि वाझ या रिव्हिएर. मी हे सांगून पुढे निघाले होते, तेवढ्यात तिचा पुढचा प्रश्न आला, "मग आपली नाग नदी कोण?"

मी कपाटातून महाराष्ट्राचा नि भारताचा असे दोन्ही नकाशे काढले, सतरंजीवर पसरले आणि तिलाच बोट ठेवायला सांगितलं. नाग जाते कन्हानला. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की नाव पडतं प्राणहिता, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. इथपर्यंत सगळ्या रिव्हिएर. गोदावरी मात्र बंगालच्या उपसागराला जाते, म्हणून ती फ्लव्ह. बोट किनाऱ्याशी पोहोचलं तिथे, गौतमी गोदावरीच्या काठावर, एक बारीक ठिपका होता. यानम. पाँडिचेरी, कारैकल आणि माहेसारखंच हेही गाव १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं. म्हणजे ज्या नागेला आम्ही सगळे नाला म्हणत होतो, तिचं पाणी वाहत वाहत एकेकाळी फ्रेंच कचेऱ्या असलेल्या गावाला लागत होतं. ती मुलगी बोट न उचलता तशीच बसून राहिली. त्या दिवशी क्लास सुटायला पाऊण तास उशीर झाला आणि एकाही मुलानं घड्याळाकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी मी ते दोन शब्द विचारले. चौघांनाही आले. नुसते आले नाहीत, तर एकानं 'प्राणहिता रिव्हिएर आहे' हे अख्खं वाक्य फ्रेंचमध्ये केलं. तेव्हापासून आमच्याकडे शब्दांची यादी नाही, नकाशा आहे.

दिशा आम्ही झिरो माईलपासून शिकवतो. तो दगडी खांब म्हणजे भारताचा मध्य, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या वादात मी वर्गाला नेत नाही. मला खांबावर कोरलेले आकडे हवे असतात. हैदराबाद ३१८ मैल, म्हणजे दक्षिण, 'स्युद'. जबलपूर १७० मैल, म्हणजे उत्तर, 'नॉर'. मग मैलांचे किलोमीटर करायचे आणि आकडा फ्रेंचमध्ये म्हणायचा. पॅरिसमध्येही नोत्र-दामसमोरच्या चौकात असाच 'प्वाँ झेरो' जमिनीत बसवलेला आहे आणि फ्रान्समधल्या रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात, हे कळलं की मुलांना ते शहर एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

फ्रेंच आकडे अवघड, असा सगळीकडे बोभाटा आहे. ऐंशीला ते म्हणतात 'कात्र-व्हँ', शब्दशः चार वीस. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय नवीन? आमची आजी आंबे मोजायची ते चार विसाच म्हणायची." दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच वर्गात बोलावलं. नव्वदीचा घोळ मात्र खरा आहे. फ्रान्समध्ये ते 'चार वीस दहा' होतं, पण बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात सरळ 'नोनांत' म्हणतात. मुलं त्या दोन देशांना नकाशावर वेगळा रंग देतात आणि तिथे जाऊन राहायचं ठरवतात.

तिसऱ्या वर्षी आम्ही स्वतःचा नकाशा छापला. फ्रेंचमध्ये देशांनाही लिंग असतं. आपण 'तो भारत', 'तो फ्रान्स' म्हणतो, त्यांच्याकडे दोन्ही स्त्रीलिंगी. 'फ्रान्समध्ये' म्हणताना 'आं' लागतं, पण मोरोक्को पुल्लिंगी म्हणून तिथे 'ओ'. स्त्रीलिंगी देश केशरी, पुल्लिंगी हिरवे, अशी कल्पना होती. सीताबर्डीतल्या प्रेसमधून तीनशे प्रती आल्या आणि मुलांना वाटल्याही. दोन आठवड्यांनी एका मुलानं चाचणीत मेक्सिकोला 'आं' लावलं. मी गुण कापला. त्यानं काही न बोलता नकाशा उलगडून समोर ठेवला. मेक्सिको केशरी होता.

स्पेलिंगच्या शेवटी 'ई' आलं की देश स्त्रीलिंगी, या सर्वसाधारण नियमावर मी डोळे मिटून रंग दिले होते. मेक्सिको, कंबोडिया, मोझांबिक आणि झिंबाब्वे हे 'ई' असूनही पुल्लिंगी. गुण परत दिला, त्याच्या घरी फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं आणि सगळे नकाशे मागवून घेतले. मे महिना होता, कूलर लावून आम्ही घरचे चौघं तीन रात्री हिरव्या कागदाचे बारीक तुकडे कापत आणि चिकटवत बसलो. बाराशे तुकडे. झिंबाब्वे सगळ्यात कठीण, करंगळीच्या नखाएवढा. तेव्हापासून आमचं कोणतंही छापील साहित्य दोघांनी वेगवेगळं तपासल्याशिवाय प्रेसला जात नाही.

एका शाळेनं आमच्याकडे सहावी ते आठवीचं फ्रेंच सोपवलं होतं. सहामाहीनंतर काम थांबवलं. काही पालकांची तक्रार होती, "फ्रेंच शिकवायचं सोडून नकाशे काऊन रंगवता?" मला फार लागलं ते. दोन शिक्षिकांचे पगार त्या कामावर होते. पुढचे पाच महिने मी क्लासच्या फीमधून त्यांना जमेल तसं दिलं, आणि दोघीही थांबल्या. त्यातली एक आमच्या पहिल्या चौघांपैकी, आज मोठ्या मुलांची बॅच तीच घेते.

आता संध्याकाळी निम्म्याहून जास्त मोठी माणसं असतात, कॅनडाला जायची तयारी करणारी. नोकरीवरून थकून येतात, त्यांना परीक्षेपुरतं हवं असतं. मीही त्यांचा वेळ वाया घालवत नाही. पण पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारते : फ्रान्सची जमिनीवरची सगळ्यात लांब सीमा कोणत्या देशाशी आहे? स्पेन, जर्मनी अशी उत्तरं येतात. खरं उत्तर ब्राझील, कारण दक्षिण अमेरिकेतला गियान हा फ्रान्सचाच भाग आहे. मग माणसं खुर्चीत पुढे सरकून बसतात. क्वेबेकमधली सँ-लोराँ फ्लव्ह का, हे त्यांना सांगावं लागत नाही. नकाशा पाहून तेच सांगतात, समुद्राला मिळते म्हणून.

सध्या विदर्भाचा फ्रेंच नकाशा करतो आहोत. काम अडलंय तलावांवर. मोठा तलाव 'लाक', लहान उथळ तलाव 'एतां'. लियाँजवळच्या दोंब भागात माशांसाठी माणसांनीच बांधलेले शेकडो एतां आहेत, अगदी आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची आठवण यावी असे. अंबाझरीला काय म्हणायचं यावर अजून एकमत नाही. साकोलीच्या एका विद्यार्थ्यानं तर विचारलं, "आमच्या शेतातल्या बोडीला काय लिहू?" एतां लिही म्हटलं, तर त्याला ते पटेना. बोडी म्हणजे बोडी. शेवटी तोच शब्द ठेवला. फ्रेंचमध्ये लिंग कोणतं द्यायचं, यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि मराठीत 'ती बोडी' म्हणून मुलांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'ला बोडी'.