कोफूची सोळा नळकांडी आणि माणसं नसलेलं शहर

एका जपानी अ‍ॅनिमेत (अ‍ॅनिमेशनपटात) दिसलेली इमारत प्रत्यक्ष बघायची तर कोफू या शहरात जावं लागतं. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवरून तिथे जायला ‘काइजी’ किंवा ‘अझुसा’ गाडी घ्यायची. साधारण दीड तास लागतो. खिडकी डाव्या हाताची मागायची, कारण सासागोचा लांबलचक बोगदा संपला की त्याच बाजूला द्राक्षमळ्यांच्या उतारांखाली अख्खं कोफूचं खोरं उघडतं. या गाड्यांत सगळ्या जागा राखीव असतात. सीटचा नंबर नसलेलं एक्स्प्रेस तिकीटही मिळतं, पण मग डोक्यावरचे दिवे वाचता यायला हवेत. लाल म्हणजे जागा रिकामी, पिवळा म्हणजे थोड्याच वेळात कुणी येणार, हिरवा म्हणजे विकलेली. आपल्या सवयीच्या बरोबर उलट. हिरवा पाहून निवांत बसलं की पुढच्या स्टेशनवर उठावंच लागतं.

कोफूला उतरल्यावर उत्तरेच्या दारानेच बाहेर पडा. समोर जुन्या सरदाराचा, ताकेदा शिंगेनचा, पुतळा दिसला तर तुम्ही दक्षिणेला आलात, मागे फिरा.

उत्तरेला स्टेशनला लागूनच ‘यामानाशी बुन्का काइकान’ ही इमारत उभी आहे. वास्तुकार केन्झो तांगे, बांधून पूर्ण १९६६. ‘किझुमोनोगातारी’ या तीन अ‍ॅनिमे चित्रपटांतली शिकवणीवर्गाची ओसाड इमारत, जिथे हातपाय गमावलेली व्हॅम्पायर आणि तिला आपलं रक्त देणारा नायक आरारागी लपून राहतात, ती या इमारतीवरून बेतली आहे. वर्तमानपत्राचं आणि प्रसारण कंपनीचं हे चालू कार्यालय आहे. लोक कामावर असतात, म्हणून बाहेरूनच बघायचं आणि दारात घोळका करायचा नाही.

पण बाहेरूनच तासभर बघण्यासारखं आहे. प्रत्येकी पाच मीटर व्यासाची काँक्रीटची सोळा नळकांडी जमिनीतून सरळ वर गेली आहेत. जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, हवेची यंत्रणा सगळं त्यांच्या पोटात. मजले या नळकांड्यांच्या मध्ये पुलासारखे टाकलेले, आणि मजल्यामजल्यांत मुद्दाम मोकळ्या जागा ठेवलेल्या. गरज पडली की तिथे नवा मजला भरायचा, असा तांगेंचा विचार. १९७४ मध्ये वाढीव बांधकाम झालंही. म्हणजे ही पोकळी उद्या येणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेली. दिग्दर्शक तात्सुया ओइशींनी हीच पोकळी उचलली, भोवतालची वर्दळ पुसून टाकली आणि आत दोन जीव ठेवले. दुपार कलल्यावर नळकांड्यांच्या गोलाईवर सावली हळूहळू सरकते तेव्हा ती निवड किती अचूक होती हे कळतं. अगदी पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर धरला तर फोटोत सगळी नळकांडी आत झुकतात. चौकात मागे जाऊन फोन उभा सरळ धरा. जुलै-ऑगस्ट टाळा. चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे हे खोरं भट्टीसारखं तापतं.

इथे यायच्या आधी याच कथेची २००९ची अ‍ॅनिमे मालिका ‘बाकेमोनोगातारी’ पाहिलेली असावी. पंधरा भाग, शाफ्ट स्टुडिओ, मुख्य सूत्रं आकियुकी शिन्बो यांच्याकडे, मूळ कादंबऱ्या निसिओइसिन यांच्या. कथाक्रमाने किझुमोनोगातारी आधी घडते, तरी माझं ठाम मत आहे की मालिका आधी बघावी. मालिकेतली शिनोबू ही लहानगी मुलगी कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन गप्प का बसलेली असते, हा प्रश्न मनात घेऊन चित्रपट पाहिले की ते जास्त खोल जातात. आणि मधेमधे क्षणभर चमकणाऱ्या मजकुराच्या पाट्या पहिल्या वेळी थांबवून वाचू नका. संवादाची लय तुटते आणि सबटायटल कशाचं, तेच कळेनासं होतं.

एक मुलगा आणि भोवती पाच मुली, म्हणून तिला हॅरेम म्हणतात. पण तो कुणाचा होणार, या ज्या प्रश्नावर अशा मालिका वर्षानुवर्षं तग धरतात, तो इथे पाचव्या भागाच्या शेवटी सुटतो: पाचांपैकी सेन्जोगाहारा आपलं प्रेम सरळ सांगून टाकते, आणि दोघांचं जमतं. मग उरतं ते प्रत्येकीचं स्वतःचं ओझं. सेन्जोगाहाराचं तर अक्षरशः. खेकड्याच्या रूपातल्या एका अमानवी शक्तीने तिचं वजन नेलं, पाच किलोच उरलं, आणि त्याबरोबर आईबद्दलचं दुःखही गेलं. ते परत मागताना तिला स्वतःच रडावं लागतं. आरारागी फक्त शेजारी असतो. वाचवणारा नायक आणि वाचवल्या जाणाऱ्या मुली हा साचा इथे मोडतो, आणि म्हणूनच मला ही मालिका इतकी प्रिय आहे. रस्त्यावर, वर्गात, बागेत तिसरं माणूस जवळजवळ दिसतच नाही. बोलणाऱ्या दोघांपलीकडचं शहर रिकामं, अगदी या इमारतीतल्या मोकळ्या चौकटींसारखं.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती मी झाकणार नाही. शाळकरी मुलींच्या अंगावरून कॅमेरा नको तितका फिरतो, आणि पुढच्या मालिकांत हे वाढतच जातं. शैलीच्या नावाखाली त्याचं समर्थन मला पटत नाही. कुणाला मालिका सुचवताना हे आधी सांगा.

बारावा भाग मात्र कुणालाही दाखवावा. सेन्जोगाहाराचे वडील गाडी चालवतात, पोरं मागे अवघडून बसतात, आणि शेवटी ती उताणी पडून अभिजित, श्रवण आणि हंसातला ठळक तारा बोटाने दाखवते.

कोफूत जेवायचं तर ‘होतो’ नावाचा इथला पदार्थ. जाड, रुंद गव्हाच्या पट्ट्या कच्च्याच मिसोच्या रश्शात भोपळ्यासोबत शिजवतात. पिठामुळे रस्सा दाट होतो. चकोल्या खाल्लेल्या माणसाला पहिल्याच घासात ओळख पटते. लोखंडी भांड्यात उकळतच येतो आणि बराच वेळ निवत नाही, म्हणून परतीच्या गाडीआधी पाऊण तास तरी हाताशी ठेवा.