नमुना आठपासून इथवर: आमची वाटचाल

नाशिक जिल्ह्यात ग्रामपंचायतीची घरपट्टी संगणकावर कोणी आणली, असं विचारलं तर आज चार कंपन्या हात वर करतील. करू देत. 2003 च्या कुंभमेळ्याआधी शहरभर रस्ते खोदलेले असताना आम्ही दोघं कॅनडा कॉर्नरजवळच्या एका खोलीत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीची घरांच्या कर आकारणीची नोंदवही, बसवत होतो. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दोघं म्हणजे मी आणि पॉलिटेक्निकचा माझा वर्गमित्र. प्रोग्रॅम माझा, पंचायतीचा हिशेब त्याचा. त्याचे वडील ग्रामसेवक; मागणी, वसुली, थकबाकी हे शब्द त्यांच्याकडे जेवतानाही निघायचे. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी हे रकाने कसे मांडायचे, मागची बाकी आधी वळती करायची की चालू, हे सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं.

भांडवल म्हणाल तर एक असेंबल्ड पेंटियम, एक यूपीएस आणि 132 कॉलमचा डॉट मॅट्रिक्स. नमुना आठ आडवा, ए-फोरवर मावत नाही. लेझर प्रिंटरवाले पानाला पान चिकटपट्टीने जोडत बसायचे. आमचं यंत्र सलग कागदावर अख्खं गाव एका दमात काढायचं, फक्त रिबन ताजी हवी आणि कागदाची भोकं दात्यांवर नीट बसलेली हवीत. एक भोक सरकलं की पुढची सगळी घरं तिरकी. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं, त्यामुळे छपाई बहुधा मध्यरात्रीनंतर. खालचे घरमालक वैतागायचे. तो प्रिंटर मी अजून भंगारात दिलेला नाही, देणारही नाही.

पहिलं गाव निफाड तालुक्यातलं. तिथल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘एक जरी नाव चुकलं तर लोकांच्या दारात मी जाणार नाही, तुम्हाला पाठवीन.’ यादी गेली की जुनी वही शेजारी ठेवून ते ओळ न् ओळ ताडायचे, लाल पेनाने. मयत खातेदाराचं नाव तसंच राहिलं असेल तर वारस नोंदीचा ठराव काढून दाखवायचे. पुढे बदली होऊन ते ज्या ज्या गावी गेले, तिथे आमचं सॉफ्टवेअर गेलं. निवृत्त झाले तरी मार्च उजाडला की फोन ठरलेला: ‘वसुली किती टक्क्यांवर?’ असा माणूस भेटायला नशीब लागतं.

मधली वर्षं बरी गेली. 2011 मध्ये संग्राम हा ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा सरकारी प्रकल्प आला, पुढे आपले सरकार सेवा केंद्रं झाली. दाखल्यांचं काम तिकडे गेलं, आम्ही कराला धरून राहिलो. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा, वापराचा भारांक असा तो हिशेब. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा आला, नमुना आठचा उतारा मुदतीत देणं भाग पडलं. ज्यांच्या वह्या आधीच संगणकात होत्या त्यांना काही जड गेलं नाही.

मग ते नगरपरिषदेचं प्रकरण. नाव लिहीत नाही. आमचं काम चालू असतानाच नवी ई-निविदा निघाली, उलाढालीची अट अशी की आम्ही दारातच अडावं. काम मिळालं ते बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला, हसू येईल अशा दरात. आमचं अंतिम बिल आणि अनामत तिथेच अडकली. पगारासाठी सिडकोतला फ्लॅट गहाण टाकला. भागीदार पुण्याला नोकरीला गेला. मी त्याला दोष देत नाही, त्याची पोरं लहान होती.

नव्या कंपनीचं मोबाइल ॲप छान होतं. फक्त एका घराला दोन बिलं जायची आणि काही घरांना एकही नाही. करार संपल्यावर त्यांनी नगरपरिषदेचाच डेटा परत द्यायला पैसे मागितले! शेवटी कर विभागातून आम्हाला फोन आला. कपाटात एक बॅकअप सापडला होता, पण सगळा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. शिर्के हे आडनाव घ्या. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी ‘श’च्या आधी साठवलेली असते आणि रफार ‘क’च्या नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. सरळ रूपांतर केलं तर गावातले सगळे शिर्के, बर्वे, कुलकर्णी मोडतात. आम्ही त्यासाठी स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला आणि उरलेली नावं जुन्या पावतीपुस्तकांवरून हाताने लावली. त्या कन्व्हर्टरमधलं अक्षरं जुळवण्याचं टेबल आजही आमची खरी मालमत्ता आहे. मोठ्या कंपनीला शिर्के कोण हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून मुख्याधिकारी आणि सरपंचांना सांगतो, विचारलं नसलं तरी. करारात डेटा परत देण्याचं कलम घाला, युनिकोडमध्ये, साध्या एक्सेलमध्ये चालेल. दर महिन्याचा बॅकअप ऑफिसच्या ताब्यात ठेवा. डिजिटल सहीचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सोडू नका. आणि या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, तोंडी ‘चालू करा, नंतर बघू’ यावर कामाला हात लावू नका. कार्यारंभ आदेश हातात घ्या.

सध्या सिन्नर आणि दिंडोरीकडे काम चालू आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, मिळकत पत्रिका आल्या. आता त्यातलं क्षेत्र आणि नमुना आठवरचं क्षेत्र जुळत नाही. पडवी धरली की नाही, दोन भावांचं घर एक की दोन, हे शेवटी दारात उभं राहूनच ठरतं. भाऊसाहेबांच्या हाताखाली शिकलेल्यांना ते जमतं.

नगरपरिषदेकडचं जुनं अंतिम बिल अजून लेखा विभागात आहे. मधल्या काळात मुख्याधिकारी बदलले. दर एप्रिलला नवं स्मरणपत्र देतो आणि आवक क्रमांक लिहून घेतो.