लक्षद्वीपचे रकाने आणि अमिनीतली एक विहीर

जिल्ह्याची रूपरेषा लिहायचं काम आमच्या धंद्यात नवख्या माणसाच्या गळ्यात पडतं. आराखडा पाणीपुरवठ्याचा असो, मलनिःसारणाचा असो की जेट्टीचा, पहिलं प्रकरण ठरलेलं: भौगोलिक स्थान, क्षेत्रफळ, लोकसंख्या, घनता, साक्षरता, दळणवळण. मागच्या जिल्ह्याची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, नकाशा चिकटवायचा, की झालं. हे प्रकरण कोणी वाचत नाही, असं सगळेच धरून चालतात. मी काही नवखी नव्हते. पण लक्षद्वीपचं काम आलं तेव्हा डिसेंबरात बोटीवर चढायला ऑफिसातलं दुसरं कोणी तयार होईना, म्हणून ते माझ्याकडे आलं. कोचीहून समुद्राखालची फायबर केबल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा तिथल्या इंटरनेटवर एक नकाशा उघडायलासुद्धा चहा होऊन जायचा.

नेहमीचा तक्ता घेऊन बसले आणि पहिल्याच पानावर गाडं अडलं. प्रमुख नद्या: निरंक. राष्ट्रीय महामार्ग: निरंक. खरीप, रब्बी: निरंक. नारळाला हंगाम नसतो. जवळचं रेल्वे स्थानक: एर्नाकुलम, राजधानी कवरत्तीपासून अंतर साधारण ४०० किलोमीटर, सगळं पाणी. तालुके लिहायला गेलं तर अख्खा केंद्रशासित प्रदेश मिळून एकच जिल्हा. एकूण जमीन ३२.६९ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हा जिल्हा तीनदा बसेल. खाजणं म्हणावीत असे उथळ, प्रवाळाने वेढलेले जलाशय मात्र ४,२०० चौरस किलोमीटरचे. तिथले लोक त्यांना लगूनच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्याच्या बाहेर या ठिपक्यांमुळे भारताच्या वाट्याला आलेलं आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासळी-खनिजांवर देशाचा हक्क असलेला समुद्र, सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर. ‘क्षेत्रफळ’ या रकान्यात यातलं काय भरायचं?

लोकसंख्येला वाद नव्हता: २०११ च्या जनगणनेत ६४,४७३. घनतेला होता. जनगणनेच्या तात्पुरत्या आकड्यांत ती चौरस किलोमीटरला २,०१३ होती, अंतिम आकड्यांत २,१४९ झाली. माणसं म्हणावी तशी वाढली नव्हती. भागाकारातली जमीन ३२ ऐवजी ३० चौरस किलोमीटर धरली गेली, एवढंच. सांगलीत किंवा नगरात दोन चौरस किलोमीटर इकडेतिकडे झाले तर कुणाला कळतही नाही. इथे दोन चौरस किलोमीटर म्हणजे अख्खं चेतलत बेट आणि वर थोडं.

बेटनिहाय भागाकार केला तेव्हा कुठे चित्र दिसायला लागलं. ३६ बेटांपैकी वस्ती दहांवर. अंद्रोत सगळ्यांत मोठं, ४.९ चौरस किलोमीटर, माणसं ११,१९१. राजधानी कवरत्तीत ११,२२१. मिनिकॉय बाकीच्यांपासून दोनशे किलोमीटर दक्षिणेला, भाषाही वेगळी, मालदीवच्या जवळची; तिथे १०,४४७. आणि सगळ्यांत दाट अमिनी: २.५९ चौरस किलोमीटरांत ७,६६१, म्हणजे घनता तीन हजारांना टेकलेली. यात एकही तीनमजली इमारत नाही, हे ध्यानात घ्या. म्हणून घरोघरच्या पाहणीसाठी मी अमिनी निवडलं.

जहाज लगूनच्या बाहेरच थांबतं. प्रवाळाच्या कड्यावरून आत यायला त्याला खोली नाही. मग जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, खाली लाटेवर हिंदकळणारी छोटी बोट येते, आणि दोन खलाशी काखेत धरून माणसाला टोपलीसारखं खाली देतात. माझ्यापुढे एक बाळंतीण होती. कोचीहून परत निघालेली, बाळ तिच्या आईकडे. दोघींना उतरवेपर्यंत कोणी घाई केली नाही, कोणी आरडाओरडाही केला नाही. रोजचंच होतं. ‘दळणवळण’ या रकान्यात मी तोवर जहाजांची नावं आणि आसनसंख्या लिहिली होती. त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट लिहायला लागले: बोट बदलायची किती वेळा, आणि पावसाळ्यात ती बदलता येते का.

बरोबर तिथल्या बांधकाम खात्याचे ज्युनियर इंजिनियर होते. जन्म अमिनीचा, शिक्षण केरळात. पहिल्याच घरात आमचा फॉर्म कोलमडला. प्रश्न साधा: घरात माणसं किती? म्हाताऱ्या उम्मा ओसरीत नारळाच्या झावळ्या विणत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “दिवसा की रात्री?”

मला वाटलं भाषांतरात काही चुकलं. इंजिनियर हसले. “नाही मॅडम, बरोबर विचारतायत. घर त्यांचं आहे. मुली इथेच राहतात. जावयांपैकी एक अजून जुन्या पद्धतीने राहतो. दिवसभर आपल्या आईकडे, जेवणही तिकडेच. रात्री इकडे येतो.”

इथली जुनी घरं आईकडून मुलीकडे जातात. नवरा बायकोच्या घरी रात्रीपुरता येणार, ही रीत आता पुष्कळ कमी झाली आहे. तरुण जोडपी स्वतंत्र घर बांधतात. पण जिथे ती आहे तिथे एक माणूस एका घरात मोजला जातो आणि त्याचं आंघोळीचं, जेवणाचं, नमाजाआधी हातपाय धुण्याचं पाणी दोन घरांत वाटलं जातं. वर मुलगा कोळीकोडला शिकायला, एक भाऊ जहाजावर, तो वर्षातून दोन महिने घरी. उम्मांनी शेवटी मलाच उलट विचारलं, “मुली, तुला माणसं मोजायची आहेत की पाणी?”

मी फॉर्मवर दोन आकडे लिहिले: दिवसाचा आणि रात्रीचा. पुढच्या सगळ्या घरांत तसंच केलं.

मग विहीर. अंगणातच, कठड्यापासून पाणी जेमतेम हातभर खाली. कोकणात समुद्रालगतच्या गोड्या विहिरी मी लहानपणापासून पाहिलेल्या, पण तिथे मागे डोंगर असतो. इथे मागेही समुद्रच. बेटाच्या पोटात पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी किंचित जड, म्हणून गोडं वर राहतं, मधे जाड आणि कडांना पातळ. हिशेब असा मांडतात की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, त्याच्या साधारण चाळीसपट जाडी खाली. प्रत्यक्षात प्रवाळी वाळूतून भरती-ओहोटी आत-बाहेर करत असते आणि सीमेवर पाणी मिसळत राहतं, त्यामुळे एवढं कधीच मिळत नाही. भरतीबरोबर विहिरीतली पातळीही हलते. खडूने काठावर खूण केली आणि दुपारी जेवून आलो, तर पाणी खुणेच्या वर आलेलं.

क्षारता मोजायचा मीटर सकाळी सोडला तेव्हा पाणी पिण्याजोगं होतं. नंतर मोठ्या मुलीने मोटर लावली. वरची टाकी भरेपर्यंत, म्हणजे तासाभराच्या आत, मीटरवरचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. मोटर अर्ध्या अश्वशक्तीचीच, पण एकाच जागी सतत ओढते, आणि खालचं खारं पाणी वर फुगून येतं. शेजारच्या घरी मोटर बिघडलेली होती, बाई पोहऱ्याने पाणी काढत होत्या. त्यांच्या विहिरीत आकडा दिवसभर हलला नाही. दोन्ही विहिरींत अंतर वीस-पंचवीस पावलांचं.

शौचालयाचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा विहिरीपासून किती दूर, हे मी टेपने मोजलं. पुस्तकात विहिरीपासून पंधरा मीटर म्हणतात. त्या अंगणात पंधरा मीटर कुठल्याच दिशेला नव्हते. पाच मीटरांवर शौचालय आणि त्याच्यापुढे शेजाऱ्यांची विहीर. वाळू इतकी भुसभुशीत की खड्ड्यातलं पाणी मुरायला अडथळाच नाही. घनतेचा आकडा मला इथे खऱ्या अर्थाने कळला. चौरस किलोमीटरला तीन हजार म्हणजे शोषखड्डा आणि विहीर यांच्यात उरलेले पाच मीटर.

इंजिनियरांनी कवरत्तीतला प्रकल्प आधीच दाखवला होता. २००५ पासून तिथे समुद्राचं पाणी गोडं करतात, पण पडदे लावून गाळून नव्हे. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडून त्याची वाफ करायची, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ थंड करायची. एवढी खोली किनाऱ्यापासून काही शे मीटरांवर सापडते, कारण प्रवाळबेटाचा उतारच कड्यासारखा आहे. आपल्या किनाऱ्यावर ती मिळायला कित्येक मैल आत जावं लागेल. क्षमता रोज १ लाख लिटर. कवरत्तीच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी नऊ लिटरसुद्धा पुरते होत नाहीत. पिण्याला आणि स्वयंपाकाला ठीक. बाकी सगळा भार विहिरीवर. शिवाय पंपांना वीज लागते, वीज बव्हंशी डिझेलवर, आणि डिझेल मुख्य भूमीवरून समुद्रमार्गे. अमिनीत तेव्हा तसा प्रकल्प चालू नव्हता.

रात्री गेस्ट हाउसवर २०४१ चा अंदाज काढायला बसले. आराखडा तीस वर्षांचा असतो, त्यामुळे पुढची लोकसंख्या धरावीच लागते. आकडे असे: १९७१ मध्ये ३१,८१०, १९८१ ला ४०,२४९, १९९१ ला ५१,७०७, २००१ ला ६०,६५०, २०११ ला ६४,४७३. दशकाची वाढ आधी साडेसव्वीस टक्के, मग साडेअठ्ठावीस, मग सतरा, मग सहा. आमच्या नेहमीच्या पद्धतीत या चारींची सरासरी काढून तीच पुढे चालवतात. तसं केलं तर २०४१ ला १ लाख १० हजार. शेवटच्या दशकाचाच वेग धरला तर ७७ हजार. दोन्हींतला फरक ३३ हजार, म्हणजे जवळजवळ तीन कवरत्त्या, ज्या ठेवायला जमीन नाही. १९८० च्या दशकातली वाढ २०४१ मध्ये धरायला काही आधार नव्हता. मुली शिकल्या, कुटुंबं लहान झाली, पोरं शिक्षणाला आणि नोकरीला केरळात गेली.

पुण्याला परत आल्यावर आमच्या टीम लीडरांशी याच्यावरून चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, मोठा आकडा घेतलेला बरा. पाणी कमी पडलं तर शिव्या खायच्या, जास्त झालं तर कोणी विचारत नाही. मुख्य भूमीवर हे बरोबरच आहे. धरण थोडं मोठं झालं तर झालं. पण इथे मोठा आकडा म्हणजे मोठे पंप, आणि मोठा पंप म्हणजे काय, ते मी मीटरवर पाहून आले होते. माणशी १३५ लिटरचा शहरी निकष लावला तर एकट्या अमिनीला रोज १० लाख लिटरांच्या वर पाणी लागतं. ग्रामीण ५५ लिटरने सव्वाचार लाख. मी उलट्या बाजूने मांडणी केली: आधी बेट किती देऊ शकतं ते. पाऊस वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून वीस टक्के वाया गेलं तरी सव्वा लाख लिटरांच्या वर पाणी उतरतं. सहा माणसांच्या घराला माणशी वीस लिटरने कोरडे चार महिने काढायचे तर पंधरा हजार लिटरची टाकी पुरते. पिणं आणि रांधणं छपरावर, उरलेलं विहिरीवर, आणि विहिरीतून एका जागी जोरात नव्हे, अनेक ठिकाणी थोडंथोडं. सर म्हणाले, “एवढं सगळं पहिल्या प्रकरणात कशाला?” मी म्हटलं, “सर, दुसऱ्या प्रकरणात पंपाची साइज ठरलेली असते.”

बेटांच्या संख्येवरूनही घोळ झाला. सगळ्या कागदांवर ३६. आमच्या नकाशावाल्याने उपग्रहचित्रावरून बेटं रेखली, ती पस्तीसच भरली. त्याला वाटलं एखादं राहिलं. राहिलं नव्हतं. बंगारम प्रवाळकड्यातलं पराली-१ नावाचं निर्जन बेट झिजत झिजत पाण्याखाली गेलं आहे; केरळातल्या एका अभ्यासात ते २०१७ मध्ये नोंदलंही गेलं होतं. पण सरकारी यादीतून बेट वजा करायचं कोणी? आम्ही ३६ लिहिलं आणि खाली तळटीप टाकली. ती पुढच्या मसुद्यात कोणीतरी उडवली, मी परत टाकली.

शेवटच्या फेरीत तपासनिसांनी तक्त्यातल्या बित्राच्या ओळीवर पेन्सिलीने विचारलं होतं: ‘२७१ माणसांसाठी दरडोई एवढा खर्च? गाळता येईल का?’ बित्रा हे वस्तीचं सगळ्यांत छोटं बेट, ०.१०५ चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वीस एकर. मी समोर घनता लिहून पाठवली: २,५८१. अमिनी आणि कवरत्तीनंतर जिल्ह्यात तिसरा नंबर. विहीर आणि शोषखड्डा यांच्यातली जागा तिथेही तेवढीच अपुरी, फक्त तक्रार करायला माणसं कमी. ओळ गाळली गेली नाही. खर्चाचा आकडा मात्र त्यांनी ‘पुढील टप्पा’ या रकान्यात सरकवला.