बॉन्डच्या रेल्वेतल्या मारामाऱ्या : इथवरची नोंद

मंडळी, बॉन्डचे सगळे पिक्चर क्रमाने बघून त्यांना नंबर लावायचं मी आता थांबवलंय. १९६२ चा डॉक्टर नो ते २०२१ चा नो टाइम टू डाय, इऑन या निर्मिती कंपनीचे २५ पिक्चर, यादी आपल्यातल्या प्रत्येकाकडे आहे आणि वरची चार-पाच नावं फिरून फिरून तीच येतात, त्यातून पिक्चर कसा बनलाय हे काही कळत नाही. म्हणून यावेळी एकच धागा धरला, रेल्वे. जिथे जिथे बॉन्ड गाडीत चढतो तो सीन काढायचा आणि एकमेकांशेजारी ठेवून बघायचा. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हा विषय सुचायला फार लांब जावं लागत नाही, १८५३ ला पहिली गाडी इथेच तर आली.

पद्धत साधी आहे. सीन एकदा सरळ बघायचा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा स्क्रीन बंद करून नुसता ऐकायचा. वहीत लिहायचं की जागा किती आहे, दार कुठल्या बाजूला, कोणाच्या हातात काय, आणि पहिला ठोसा बसायच्या आधी काय काय झालं. हा शेवटचा रकाना सगळ्यात जास्त भरलाय आणि माझं आजचं सगळं म्हणणं त्यातूनच आलंय.

सोबतीला बऱ्याचदा मामा असतो. कळव्याच्या कारशेडमध्ये आयुष्य गेलं त्याचं, डब्यांच्या दुरुस्तीत. बॉन्डशी त्याचं काही देणंघेणं नाही पण डबा कसा हलतो, कुठला आवाज कशाचा, हे तो डोळे मिटून सांगतो, आणि या कामाला मला नेमका तोच माणूस हवा होता.

सुरुवात अर्थात फ्रॉम रशिया विथ लव्ह, १९६३. दिग्दर्शक टेरेन्स यंग, एडिटर पीटर हंट, शॉन कॉनरी विरुद्ध रॉबर्ट शॉ. ही फाईट बहुतेकांना तोंडपाठ आहे, तरी एकदा आवाज बंद करून बघा. डबा इतका अरुंद आहे की माणसाला हात मागे नेऊन ठोसा मारायलाच जागा नाही, म्हणून सगळं कोपर, गुडघा, ढकलणं, गळा धरणं असं चालतं. मामा बघताक्षणी म्हणाला, "अरे हा तर फर्स्ट क्लासचा कूपे, यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर जायचं." दिवा जातो, निळसर उजेड उरतो, आणि पीटर हंटचे कट असे की हालचाल पूर्ण व्हायच्या आत पुढचा शॉट सुरू. तरीसुद्धा कोण कुठे आहे हे एकदाही सुटत नाही! आजच्या कित्येक ॲक्शन पिक्चरमध्ये दसपट कट असतात आणि निम्म्या वेळा कोणाचा हात कोणाच्या मानेवर आहे ते समजत नाही.

आणि आता नुसतं ऐकून बघा. मारामारी चालू असताना जॉन बॅरीचं संगीत नाही, फक्त चाकांचा खडखडाट, सामान पडल्याचे आवाज, दोघांची धाप. आपल्याकडे मेल-एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरली की आवाज कसा एकदम दाटतो आणि शेजारचा काय बोलतोय तेही ऐकू येत नाही, ते ज्याने अनुभवलंय त्याला इथे काय केलंय ते लगेच कळेल. बाहेरच्या आवाजामुळेच आतला एकटेपणा कळतो, किंचाळलं तरी शेजारच्या डब्यात कोणाला ऐकू जाणार नाही.

पण खरी गंमत फाईटच्या आधी आहे. ग्रँट (म्हणजे रॉबर्ट शॉ) हा माणूस पिक्चरच्या सुरुवातीपासून बॉन्डच्या मागावर आहे आणि इतका वेळ एक शब्द बोललेला नाही. झाग्रेबला तो नॅश नावाच्या खऱ्या ब्रिटिश एजंटला मारून त्याच्या नावाने गाडीत येतो आणि मग जो बोलायला लागतो तो थांबतच नाही, गोड गोड, "ओल्ड मॅन" "ओल्ड मॅन" करत. जेवायला बॉन्ड, त्याच्याबरोबरची तातियाना आणि ग्रँट तिघं एकत्र बसतात, माशाबरोबर ग्रँट रेड वाइन मागवतो, बॉन्डला ते खटकतं पण तो सोडून देतो. पुढे बॉन्ड नकाशा बघायला वाकतो तेव्हा डोक्यात फटका बसतो आणि शुद्धीवर येतो तो गुडघ्यावर, पिस्तुलासमोर. मग तो म्हणतो की त्या वाइनवरून मला कळायला हवं होतं. त्यावर ग्रँटचं उत्तर असं की वाइनमधलं तुला कळत असेल पण गुडघ्यावर तू आहेस. ब्रिटिश वर्गव्यवस्थेवरचं अख्खं एक प्रकरण त्या दोन वाक्यांत आहे. त्यानंतर सोन्याच्या पन्नास नाण्यांचा लोभ, ग्रँट स्वतःच्या हाताने दुसरी बॅग उघडतो, गॅस सुटतो आणि तिथे कुठे मारामारी सुरू होते. म्हणजे हात उगारायच्या आधी जेवणाचं टेबल, दारू, खोटं नाव, पैसा, सगळं खेळून झालंय. फाईट हा फक्त हिशोब.

तीन गोष्टी याच पिक्चरबद्दल अजून. बॉन्डचा लेखक फ्लेमिंग १९५५ मध्ये इंटरपोलच्या परिषदेसाठी इस्तंबूलला गेला होता आणि परतताना ओरिएंट एक्स्प्रेसने आला, कादंबरी १९५७ ची. आणि पिक्चरमध्ये इस्तंबूल, बेलग्रेड, झाग्रेब अशी जी स्टेशनं दिसतात ती सगळी इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरच घेतलेली. मी आता बेलग्रेडच्या सीनला मागच्या खांबांकडे बघत बसतो. आणि बॉन्डचा इस्तंबूलमधला साथीदार केरीम बे झालेला पेद्रो आर्मेंदारिस, तो शूटिंगच्या वेळी असाध्य आजाराने खचला होता, त्याचे सीन आधी उरकून घेतले, आणि पिक्चर लागायच्या आधीच जून १९६३ मध्ये तो गेला. पडद्यावर त्याचा शेवट याच गाडीत होतो. हे माहीत असताना त्याचं ते मोकळं हसणं बघवत नाही खरंच.

पुढे लिव्ह अँड लेट डाय, १९७३, आणि द स्पाय हू लव्ह्ड मी, १९७७. दोन्ही रॉजर मूर, दोन्हीत बंद डबा, दोन्हीत समोरच्याच्या अंगात लोखंड. पहिल्यात टी ही, त्याचा हात यांत्रिक, बॉन्ड त्याच्या तारा कापतो, हात अडकून बसतो आणि तो खिडकीबाहेर. दुसऱ्यात जॉज, स्टीलचे दात, बॉन्ड दिव्याचा करंट दातांना लावतो आणि तोही खिडकीबाहेर. दोन्ही सीन बघायला मजा येते, विशेषतः पहिल्यात नायिका सॉलिटेअर घडीच्या बर्थमध्ये अडकून पडलेली असते ते, पण शेवटचा रकाना जवळपास रिकामा. पहिली तर पिक्चर संपल्यावर जोडलेली मारामारी आहे. जॉजची जरा वरचढ, कारण जॉज झालेला रिचर्ड किल दारात उभा राहिला की त्या जागेत दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही, आणि गाडीबाहेर पडल्यावर कोट झटकून तो चालायला लागतो.

ऑक्टोपसी, १९८३. आपल्याकडे या पिक्चरचं नाव निघालं की उदयपूर, रिक्षाचा पाठलाग आणि विजय अमृतराज एवढंच बोललं जातं, पण माझ्या मते यातला सर्वात चांगला भाग जर्मनीतल्या गाडीचा आहे, जो प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नीन व्हॅली रेल्वेवर घेतला. गाडीखाली, गाडीच्या बाजूला, टपावर, आणि समोर आपला कबीर बेदी, गोबिंदा म्हणून. मामा तो टपावरचा भाग बघून शांतपणे म्हणाला, "वर वायर नाही म्हणून जमतंय." आपल्याकडे डोक्यावर २५,००० व्होल्ट असतात, टपावर चढणाऱ्याला मारायला गोबिंदाची गरज नाही. त्या दिवसापासून टपावरचा कुठलाही सीन आला की माझी नजर आधी वर जाते.

पण या सीनची किंमत एका माणसाने मोजलीय ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मूरच्या जागी गाडीच्या बाजूला लटकलेला स्टंटमन मार्टिन ग्रेस भिंतीवर आदळला, कंबरेचं हाड मोडलं, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये काढले. तो बरा होऊन परत कामाला लागला. दिग्दर्शक जॉन ग्लेन हाही आधी एडिटर, हंटच्याच हाताखाली ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिसला होता, आणि ते दिसतं. आत बॉम्बचं घड्याळ चालू आहे हे आपल्याला माहीत असतं त्यामुळे टपावरच्या प्रत्येक सेकंदाला अर्थ येतो. म्हणून कूपे नसूनही या सीनला माझ्याकडे वरचे मार्क.

गोल्डनआय १९९५ पटकन, कारण हातघाई नाहीच, चिलखती गाडी विरुद्ध रणगाडा. तीही नीन व्हॅलीच. घड्याळातल्या लेसरने डब्याचा तळ कापतो तो भाग चांगला, बाकी पिक्चरची ताकद सुरुवातीच्या धरणावरच्या उडीत आहे.

आता डॅनियल क्रेगचे. स्कायफॉल, २०१२, तुर्कस्तान. खोदकामाच्या मशीनचा हात डब्याचा टप फाडतो, बॉन्ड त्या हातावरून पळत आत उडी मारतो आणि शर्टाची कफ नीट करतो. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या आणि पडायलाच हव्या होत्या. रॉजर डीकिन्सचा कॅमेरा, भरदुपारचा स्वच्छ उजेड, सगळं दिसतं. शेवटी टपावर दोघं झोंबताहेत, बॉन्डची सहकारी ईव्ह लांबून नेम धरून उभी, आणि तिच्या कानात एमचा, म्हणजे त्यांच्या साहेबाचा, हुकूम. इथे शत्रू कोण हे महत्त्वाचंच नाही, महत्त्वाचं हे की आपल्याच माणसाने गोळी झाडायला सांगितली. शेवटचा रकाना इथे फाईटच्या नंतर भरतो, अख्खा पिक्चर त्या एका हुकमावर चालतो. हे मला फार आवडलं.

स्पेक्टर, २०१५, मोरोक्कोतली गाडी, पांढरा डिनर जॅकेट, समोर डेव्ह बाउतिस्ता, हिंक्स म्हणून. हा सीन उघडपणे १९६३ ला नमस्कार आहे आणि अंगमेहनत खरीखुरी आहे, बाउतिस्ताबरोबरच्या फाईटमध्ये क्रेगचा गुडघा दुखावला होता. भिंती फुटतात, स्वयंपाकघर उद्ध्वस्त होतं, शेवटी पिंपांच्या दोरीने हिंक्स बाहेर. पण भिंती फुटायला लागल्या की डबा अरुंद राहत नाही हो! १९६३ मध्ये जी भीती होती ती भिंत न हलण्याची होती. आणि हिंक्स अख्ख्या पिक्चरमध्ये एकच शब्द बोलतो, तोही बाहेर फेकला जाताना, म्हणजे ग्रँटचं गप्प राहणं उचललं पण ग्रँटचं बोलणं उचललं नाही, आणि घाबरवणारं तर ते बोलणं होतं. टेबलावर बॉन्ड आणि त्याच्याबरोबरची मॅडलिन बसलेत, शत्रू येतो तो टेबल उलटवायलाच. मामा म्हणाला, "एवढी मोडतोड झाल्यावर साखळी कोणी ओढली नाही?" आणि खरंच, त्या गाडीत दुसरा प्रवासी असल्याचं जाणवतच नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. १९६३ च्या त्या डब्याचा खरा वारस स्पेक्टर नाहीच, कॅसिनो रोयाल आहे, २००६, मार्टिन कॅम्पबेल. मॉन्टेनेग्रोला जाणारी गाडी, जेवणाचं टेबल, क्रेग आणि व्हेस्पर झालेली एव्हा ग्रीन. एकही ठोसा नाही. ती सरकारचे पैसे घेऊन आलीय, तो तिला वाचायला बघतो, अनाथ असणार वगैरे, आणि मग ती त्याला वाचते, शाळा, कपडे, घड्याळ, कोणाच्या उपकारावर शिकला, सगळं. ती उठता उठता विचारते लॅम्ब कसं होतं, तर म्हणतो शिगेत ओवलेलं, त्याचं दुःख कळतंय. बॉन्ड हरलेला आहे आणि त्याला ते आवडलेलं आहे. परत तेच टेबल, तीच वाइन, तेच वर्गाचं दुखणं, आणि समोरचा माणूस आपण कोण हे अजून पूर्ण सांगत नाहीये, हे पिक्चर दुसऱ्यांदा बघताना तर अंगावर येतं. ग्रँटने वाइन चुकीची मागवली म्हणून तो कळायला हवा होता, व्हेस्परचं काहीच चुकत नाही. नुसतं ऐकायच्या फेरीत हा सीन ऐका, दोघांच्या वाक्यांमधलं अंतर कसं कमी होत जातं ते.

आणि नो टाइम टू डाय. महाराष्ट्रात थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली त्यामुळे बाकी देशापेक्षा तीनेक आठवडे उशिरा बघायला मिळाला, तोवर ठाण्यात आम्ही मित्रांनी एकमेकांना फोनवर काही वाचू नका म्हणून बजावून ठेवलं होतं. त्यात बॉन्ड मॅडलिनला गाडीत बसवतो आणि स्वतः प्लॅटफॉर्मवर राहतो, गाडी सुटते आणि ती आतून एकेका खिडकीतून त्याला शोधत चालत राहते. मारामारी नाही तरी नोंदीत घेतला, कारण संपूर्ण मालिकेत गाडीच्या खिडकीचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे नाही, एरवी खिडकी म्हणजे माणूस बाहेर फेकायची जागा.

माझा क्रम सध्या असा : फ्रॉम रशिया, कॅसिनो रोयाल, ऑक्टोपसी, स्कायफॉल, मग बाकीचे. ऑक्टोपसी तिसरा कसा यावर ज्यांना भांडायचं असेल त्यांनी आधी तो भाग आवाज बंद करून बघावा आणि मग बोलावं. पुढचा विषय रोपवे, १९६९ च्या ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिसमध्ये बॉन्ड झालेला लॅझेन्बी स्वित्झर्लंडमध्ये दातेरी चाकांच्या खोलीत केबलला हाताने लटकतो तो सीन आणि १९७९ चा मूनरेकरमधला रिओचा, जिथे जॉज केबल चावतो. पहिल्याचा दिग्दर्शक खुद्द पीटर हंट, त्यामुळे सुरुवात तिथूनच.