ब्रिटिश भयपटांची वही: 'पैसे कोण देतं?' हा रकाना

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की ड्रॅक्युला पुरे. आता असेच ब्रिटिश भयपट बघायचे, ज्यांत क्रूस बघून भूत पळत नाही. क्रूस हातात धरलेल्या माणसालाच बघून आपण पळावंसं वाटतं. यादी अकरांची. चार झाले, पाचवा चालू आहे. वेग गोगलगायीचा आहे, पण प्रत्येक चित्रपट दोनदा बघतोय, त्यामुळे रागावू नका.

वहीत तीन रकाने आखलेत. सैतान खरोखर दिसतो का? अधिकार कोणाकडे? आणि पैसे कोण देतं? तिसरा गमतीत आखला होता, आता सगळी वही त्याच्याभोवती फिरतेय.

विचफाइंडर जनरल (1968)

सुरुवात या प्रकारातली सर्वोत्तम, यावर मी भांडायला तयार आहे. हिरवीगार टेकडी, ऊन, आणि ठोकठोक. कोणीतरी फाशीचा खांब ठोकतंय. मग एका बाईला किंचाळत ओढत आणतात, पाद्री शांतपणे वाचत असतो, आणि लांब घोड्यावर बसून व्हिन्सेंट प्राइस बघत असतो. दिग्दर्शक मायकेल रीव्ह्जला या भूमिकेत डोनल्ड प्लेझन्स हवा होता. अमेरिकन भागीदार कंपनीने प्राइस लादला. एरवी भुवया उडवत संवाद चघळणारा प्राइस इथे इतका थंड आहे की ओळखू येत नाही. त्यावरून दोघांची जुंपली होती, पण रीव्ह्जचं बरोबर होतं हे प्राइसने नंतर मान्य केलं. रीव्ह्ज 1969 च्या फेब्रुवारीत गेला, अवघ्या 25 व्या वर्षी.

पहिला रकाना: सैतान नाही. एकही चेटूक नाही. दुसरा: मॅथ्यू हॉपकिन्स, म्हणजे प्राइसने रंगवलेला चेटकिणी शोधणारा. खरा हॉपकिन्स 1645 ते 1647 या काळात इंग्लंडच्या पूर्व भागात फिरला. यादवी युद्ध चालू, कायद्याची घडी विस्कटलेली, आणि 'विचफाइंडर जनरल' ही पदवी त्याची त्यानेच लावून घेतलेली. तिसरा रकाना तर भरून वाहिला: गावं पैसे मोजायची. एकट्या स्टोमार्केटने 23 पाउंड आणि वर प्रवासखर्च दिल्याची नोंद आहे. चित्रपटातही गावात शिरल्यावर देवाचं नाव आणि मोबदल्याची बोली एकाच दमात निघते.

ज्याला छळून फाशी देतात तो जॉन लोज हा स्वतः पाद्री, आणि तो काल्पनिक नाही. ब्रँडस्टन गावचा हा म्हातारा धर्मगुरू 1645 मध्ये खरंच फासावर गेला. म्हणजे इथे भांडण धर्म विरुद्ध अधर्म असं नाहीच. एका पाद्र्याला धर्माच्याच नावाने मारलं जातं आणि गावातलेच काही लोक बोट दाखवतात.

एक तक्रार: लॅव्हनमच्या चौकात बाईला शिडीला बांधून आगीत सोडतात तो प्रसंग. इंग्लंडमध्ये चेटकाची शिक्षा फाशी होती, जाळणं नव्हे. पण तो प्रसंग काढा असं मात्र मी म्हणणार नाही. का, ते खाली येईल.

(जमवणाऱ्यांसाठी: माझ्याकडची पहिली प्रत मित्राची होती आणि तिच्यात सिंथेसायझर वाजत होता! अमेरिकेतल्या व्हिडिओ आवृत्तीसाठी मागाहून घातलेलं संगीत ते. पॉल फेरिसचं मूळ वाद्यवृंदाचं संगीत असलेलीच प्रत घ्या. हिरव्या रानावर ते हळुवार सूर नसतील तर अर्धा चित्रपट गेला.)

ट्विन्स ऑफ ईव्हिल (1971)

हॅमर या ब्रिटिश भयपट कंपनीचा. व्हॅम्पायर आहेत, म्हणून पहिल्या रकान्यात 'हो'. पण भीती वाटते पीटर कुशिंगची. गरीब, एकट्या पोरी शोधून जाळणारा धर्मवेडा, आणि सरदार कार्नस्टाइनपुढे मात्र हात आखडता, कारण त्याला सम्राटाचं अभय. बाकी चित्रपट ठीकठाक. कुशिंगची पत्नी त्याच वर्षी जानेवारीत वारली होती. त्याचे खोल गेलेले गाल मेकअपचे नाहीत.

द डेव्हिल्स (1971)

हा आठवडाभर पुरला. डीव्हीडींना विभागवार कुलूप असतं: ब्रिटनच्या रीजन 2 च्या, आपल्याकडचा प्लेअर रीजन 5 चा. रिमोटने कुलूप उघडण्यात एक संध्याकाळ गेली. मग 111 मिनिटांचा चित्रपट 107 मिनिटांतच संपला आणि माझा जीव वर-खाली. इथेही सेन्सॉरची कात्री? नाही. पॅल या टीव्ही-डीव्हीडीच्या पद्धतीत सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम धावतात, म्हणून चार टक्के वेळ वाचतो. मात्र नन्स ख्रिस्ताच्या पुतळ्यावर तुटून पडतात तो कुप्रसिद्ध भाग या प्रतीत नाहीच.

केन रसेलने घटना घेतली फ्रान्समधल्या लूदाँची. पाद्री उर्बें ग्रांदिए याला 1634 मध्ये तिथे जिवंत जाळलं. डेरेक जार्मनचे सेट बघा: जुनं दगडी शहर नाही, पांढऱ्या विटांचं, लख्ख, जवळजवळ इस्पितळासारखं. त्या पांढऱ्यावर घाण जास्त दिसते.

माझा आवडता प्रसंग पेटीचा. भूतबाधा झालेल्या नन्सचा तमाशा ऐन रंगात असताना राजा लुई वेष पालटून येतो आणि ख्रिस्ताच्या रक्ताचा अवशेष म्हणून एक पेटी देतो. मांत्रिक पाद्री ती उगारतो, नन्स शांत. सगळे धन्य. मग राजा पेटी उघडतो. रिकामी. एक क्षण शांतता... आणि तमाशा पुन्हा सुरू! ढोंग उघडं पडलं तरी काही फरक पडत नाही, कारण ग्रांदिएचा निकाल राजाचा मुख्यमंत्री रिशल्यू याच्या दरबारी आधीच लागलाय. त्याला शहराची तटबंदी पाडायची आहे. तिसरा रकाना: सरकारी तिजोरी.

हाउस ऑफ मॉर्टल सिन (1976)

इथे माझी थिअरी आपटली. पीट वॉकरचा हा कमी खर्चातला चित्रपट थेट आजच्या लंडनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या. फादर मेल्ड्रम चर्चमध्ये लोक त्याच्यापुढे देतात तो पापांचा कबुलीजबाब चोरून टेप करतो आणि त्यावरून तरुण मुलीला धमकावतो. पुढे धुपाटणं, जपमाळ, ख्रिस्तप्रसाद, सगळी हत्यारं देवघरातलीच. गोव्याच्या मित्राला विचारलं, तर तो टेपरेकॉर्डरवरच अडला. खुनापेक्षा त्यालाच जास्त शहारला. "कुमसारातलं (कबुलीजबाबातलं) बाहेर गेलं की संपलंच सगळं," म्हणाला.

पण पैसे कोण देतं? कोणीच नाही. ना राजा, ना गाव, ना तिजोरी. मुलगी सांगत सुटते आणि समोरच्याला फक्त पाद्र्याची पांढरी कॉलर दिसते. शेवटी खरं काय ते कळलेला तरुण पाद्रीही तोंड मिटून घेतो आणि मेल्ड्रम मोकळा.

म्हणून रकान्याचं नाव खोडून लिहिलं: 'गप्प कोण बसतं?' आणि मागची पानं पुन्हा भरायला घेतली. विचफाइंडरला फार शोधावं लागलं नाही. लॅव्हनमची ती आग विझल्यावर मुलं तिच्याच निखाऱ्यांत बटाटे भाजतात. नोंद: 'बटाटेवाली पोरं आणि त्यांना हाक मारून घरी न नेणाऱ्या आया.'

नवा रकाना आता घट्ट बसला असं वाटून काल रात्री विकर मॅन (1973) लावला. बेटाचा मालक लॉर्ड समरआइल मोकळेपणाने सांगतो की 1868 मध्ये आजोबांनी बेट घेतलं आणि मजुरांना कामाला लावण्यासाठी त्यांचे जुने देव परत आणले. जुना रकाना असता तर हे चपखल बसलं असतं! नव्यात काय लिहू? तिथे गप्प कोणीच बसत नाही. हात धरून, डोलत, सगळं गाव गातंय.