टॉवेलचा भुसा आणि लाल रोडस्टर

साडेसोळा सेंटिमीटरची प्लास्टिकची मॉडेल गाडी करायला मला सहा महिने लागले. ऑफिसात सांगितलं तर लोक हसतात म्हणून तिथं सांगत नाही, इथं सांगतो.

सुटे भाग जोडायचं किट होतं तामिया या जपानी कंपनीचं, युनोस रोडस्टर, १/२४ स्केल, म्हणजे खऱ्याच्या चोविसावा भाग. म्हणजे माझदाची ती १९८९ ला आलेली छोटी उघडी दोन सीटची गाडी, हेडलाईट बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे ती. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाच, आमची शाळेची बस तीच होती, त्यामुळे आईला बरेच दिवस पटेना की ही पण त्याच नावाची. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२६५ मिलिमीटर आहे, भागिले २४ केलं की ९४ च्या जरा वर येतं. मी लगेच पट्टी लावून बघितली, उगाच, आपलं समाधान.

जोडाजोडीबद्दल फार लिहीत नाही, ती सोपी आहे. प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट येतं ते फटीला ब्रशनं नुसतं टेकवायचं, आपोआप आत ओढलं जातं आणि प्लास्टिकच विरघळवून दोन्ही तुकडे एक करतं, फक्त त्या फटीवर बोट ठेवू नका, माझ्या चासीवर खालून माझा अंगठा उमटलाय तो कायमचा. एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं बॉडीवर केसाएवढी रेघ राहते, मडगार्डच्या उंचवट्यावरून जाते बघा, पांढऱ्या प्लास्टिकवर ती दिसतच नाही आणि ग्लॉस रंग बसला की लांबून दिसते. ती आधीच ६०० च्या पॉलिश पेपरनं काढायची.

खरा घोळ रंगाचा. तामियाचे स्प्रे कॅन मला कुणी पाठवायलाच तयार नाही, दाबाखालचा डबा असल्यामुळे विमानानं जात नाही म्हणे, आणि सोलापुरात छंदवाल्यांचं दुकान मला तरी सापडलं नाही. मग स्वस्तातली ०.३ मिलिमीटर नोझलची एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन, आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला आणि गेलो अक्कलकोट रोडला एका गॅरेजमध्ये, तिथले पेंटर मामा बाबांच्या ओळखीचे. मामांनी ती पांढरी बॉडी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "का बे, पोराचं खेळणं हाय का?" मी म्हणलं मामा, माझंच आहे. त्यावर काही बोलले नाहीत, पण डबा उघडला.

गॅरेजचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि त्याचा थिनर किटच्या प्लास्टिकला, पोलिस्टायरीनला, खातो हे मी वाचलं होतं, पण किती खातो ते बघायचं होतं. घरात जुन्या कुठल्यातरी बारशाचे आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे पडून होते, आता बंदी आहे पण ड्रॉवरमध्ये कुठली बंदी. एका चमच्यावर रंग डायरेक्ट मारला, दहा मिनिटांत वर भेगा पडल्या, कोरड्या तलावाच्या तळाला पडतात तशा. दुसऱ्यावर आधी अस्तर मारलं आणि मग रंगाच्या दोन-तीन अगदी पातळ फुंकरी, तो चमचा टिकला. एकूण अकरा चमचे झाले. अस्तर पांढरंच घ्या, लाल रंग खालचं दाखवतो, करड्या अस्तरावरचा माझा लाल चमचा जुन्या विटेसारखा दिसत होता.

हे सगळं होईपर्यंत मे आला. मे महिन्यात सोलापुरात रंगकाम करू नये हे कळायला खरं तर मॉडेल करायची गरज नाही, पण मला घाई. दुपारी साडेतीनला गच्चीवरच्या खोलीत, बाहेर त्रेचाळीस, आणि रंग नोझलमधून निघून बॉडीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतोय. बोट फिरवलं तर बारीक रवा. मामांना फोटो पाठवला तर फोन आला, "थिनर वाढव, जरा स्लो वाला घे, आणि इतक्या लांबून मारतोस कशाला, जवळ घे की." तसं केलं, थोडं घासलं, पुन्हा मारलं, रंग बरा बसला. मग रात्री क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चकचकीत थर, मारला आणि झोपलो.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर. दोन गल्ल्या पलीकडे टॉवेलचे माग आहेत, आम्हाला ती खटखट ऐकूच येत नाही इतकी सवय. पण कापसाची उडती तूस असते ना, जी आमच्या पंख्याच्या पात्यावर दर महिन्याला राखाडी मिशी काढते, ती सगळी रात्रभर माझ्या बॉनेटवर उतरली. सकाळी उन्हात धरलं तर क्लिअरच्या आत, वर नाही, आत, पांढरे केस. एक तर बरोबर बॉनेटच्या मधोमध, इंग्रजी एससारखा वळलेला.

मग एक आठवडा वाळू दिलं आणि पाणी लावून २००० च्या पेपरनं घासायला बसलो. केस जातो पण हातालाही जोश येतो. मडगार्डच्या कडेला रंग सगळ्यात पातळ बसलेला असतो आणि पेपर तिथंच सगळ्यात जास्त चावतो, दोन हात जास्त फिरले आणि कडेला पांढरं अस्तर दिसायला लागलं. त्या दिवशी मी ती बॉडी खोक्यात टाकली आणि तीन आठवडे खोकं उघडलं नाही.

जूनमध्ये मामांकडे दुसऱ्याच कामाला गेलो होतो, गाडीचं काय झालं विचारलं त्यांनी, सांगितलं. ते म्हणाले ब्रेक ऑइलमध्ये बुडव. खऱ्या गाडीवर ब्रेक ऑइल सांडलं तर रंग उतरतो म्हणून मेकॅनिक लोक किती जपतात, तेच इथं मुद्दाम. डॉट ३ ब्रेक ऑइलची बाटली, श्रीखंडाचा रिकामा डबा, हातात ग्लोव्ह्ज, रात्रभर ठेवलं. सकाळी जुन्या टूथब्रशनं नुसतं चोळलं आणि लाल कातडं सुटून आलं, खालचं पांढरं प्लास्टिक जसंच्या तसं. गाडीच्या काचांचे पारदर्शक प्लास्टिकचे पार्ट मात्र त्यात घालू नका, ते कडक होऊन तडकतात म्हणतात. श्रीखंडाच्या डब्याबद्दल आईला अजून माहीत नाही.

दुसऱ्यांदा रंगवलं बाथरूममध्ये, पहाटे पाचला. ही आयडिया माझी, आणि मला वाटतं सहा महिन्यांत मी एवढीच काय ती अक्कल चालवली. आदल्या रात्री गरम पाणी सोडून वाफ केली की हवेतली धूळ खाली बसते, फरशी ओलीच ठेवायची, गॅस गिझर बंद, त्याची सतत जळणारी छोटी ज्योत, पायलट, पण बंद, कारण थिनरची वाफ पेट घेते. एक्झॉस्ट फॅनचं बटणसुद्धा आधीच चालू करून ठेवायचं, नंतर हात लावायचा नाही. तोंडाला थिनरची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क. मामा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, देत होते, काचेसारखा चमकतो तो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि बंद खोलीत ते फुप्फुसात घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून साधाच लॅकर क्लिअर घेतला. आणि टॉवेल बाहेर. टॉवेलच्या गावात राहून बाथरूममध्ये टॉवेलला बंदी, बायको दाराबाहेर उभी राहून हसत होती. बॉडी ओल्या फडक्यानं पुसली, कारण कोरडं पुसलं तर प्लास्टिकला करंट येतो आणि तूस ओढून घेतं, कॉम्प्रेसर वीस पीएसआयला ठेवला, तीन फुंकरी, दोन जाडसर ओले थर, आणि मारून झाल्याझाल्या वर मोठं पातेलं उपडं घातलं. पातेल्याखाली गाडी दोन दिवस. बाथरूम तेवढा वेळ खालच्या मजल्याचं वापरलं.

मधल्या काळात आतलं काम. ही गाडी उघडी असल्यामुळे आत काहीच लपत नाही, बंद गाडीत कुणी बघत नाही ते इथं आधी दिसतं. सीट, डायल, गिअरचा दांडा हे सगळं ठीक झालं, पण खालची जमीन नुसती काळी मॅट मारली तर ती प्लास्टिकच दिसते. तिथं कार्पेट पाहिजे. आमच्या शेजारचे अण्णा टॉवेलच्या कारखान्यात शिअरिंगवर आहेत, म्हणजे टॉवेलच्या वरच्या लूप कापून मखमलीसारखं करतात ते मशीन, त्यातून कापसाचा भुगा पोत्यानं निघतो. अण्णांनी काळ्या टॉवेलचा भुसा पिशवीभर आणून दिला आणि वर विचारलं, उशी भरायची आहे का.

भुसा तसाच टाकून चालत नाही. एक मिलिमीटरचा धागा म्हणजे २४ पट धरलं तर खऱ्या गाडीत एक इंच लांब गवत झालं. मग चहाच्या गाळणीतून चाळला, जे वर राहिलं ते कात्रीनं पुन्हा बारीक केलं, पुन्हा चाळला. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशनं जमिनीवर लावलं आणि गाळणीवर टिचकी मारत मारत भुसा पाडला, दुसऱ्या दिवशी उलटं करून झटकलं. जे राहिलं ते कार्पेट. पायाच्या जागी बोटानं थोडं दाबलं, वापरलेलं वाटावं म्हणून. बॉनेटवर एक केस पडला तर आठवडा गेला होता, इथं मी तेच मूठभर ओतत होतो.

शेवटचं डिटेलिंग पटापट झालं. पॅनेलच्या रेघांत, म्हणजे दार-बॉनेटच्या फटींत, लाल गाडीला पातळ काळा रंग सोडू नका, व्यंगचित्र होतं, तपकिरी सोडा. दाराचे ते छोटे चकचकीत हँडल क्रोम पेननं केले. डावा आरसा चिमट्यातून उडाला तो गेलाच, केर काढताना पण नाही मिळाला, मग चमचा नंबर नऊच्या दांड्यातून कोरून नवा केला, जरा जाडा आहे.

गणपतीनंतर गाडी घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी हात पुसले, उचलली, ट्यूबलाईटखाली तिरकी धरली आणि दाराच्या खालच्या कडेला नख लावलं. "इथं संत्र्याची साल हाय बघ थोडी." म्हणजे रंग गुळगुळीत न बसता बारीक खड्डे दिसतात ते. मग आत डोकावले, कार्पेटला करंगळी लावली, आणि किती खर्च आला विचारलं. किट, एअरब्रश, कॉम्प्रेसर, सगळा धरून सांगितला. मामा म्हणाले, "एवढ्यात तुझी स्कूटर नवी करून दिली असती बे."

गाडी आता टीव्हीच्या वर आहे, त्याच पातेल्याच्या मापाच्या काचेच्या डब्याखाली. उजवा वायपर अजून चिकटवायचाय.