माझ्या छत्रीचा वाटा

मालवणला तीन दिवस होते. त्यातल्या अडीच दिवसांबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. जेटीवर 'मॅडम, स्कूबा?' करत मागे लागणारी पोरं, किल्ल्याच्या होडीची रांग, आणि एका नावाजलेल्या खानावळीत सोलकढी म्हणून आलेलं गुलाबी पाणी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जाऊ नका असं मला तिघांनी सांगितलं होतं. मीही सांगते. तुम्हीही ऐकणार नाही.

उरलेला अर्धा दिवस मात्र डोक्यातून जात नाही.

मालवणच्या उत्तरेला, आचऱ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत मैत्रिणीच्या ओळखीचा एक चित्रकार राहतो. मुंबईत शिकला, दहा वर्षं जाहिरातीत काढली आणि परत आला. नाव लिहू नकोस म्हणाला, कारण लोक 'वर्कशॉप घेता का' विचारत येतात. चित्रकाराचं घर म्हणून मी ईझल, रंगाच्या नळ्या वगैरे बघायला गेले होते. त्याच्या पडवीत होती जुनी जाळी, धुऊन विरलेले पंचे, धोतरं, उशांचे अभ्रे. वाडीतल्या प्रत्येक घरानं एकेक पांढरं कापड दिलंय, त्याची एक मोठी वाकळ शिवायची आणि तिच्यावर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं उमटवायचं, असं चाललेलं.

उमटवायचं म्हणजे उन्हानं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात कालवायचं, रात्री अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायचं, तिथेच सुकवायचं. नावातलं सायनाइड ऐकून मी दोन पावलं मागे सरकले, तर त्याची आई म्हणाली, "घाबरा नको. गेली दोन वर्सां आमी हयच जेवतंव." ही युक्ती १८४२ सालची, जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाची. इमारतींच्या निळ्या नकाशांना ब्लूप्रिंट म्हणतात ते याच रीतीमुळे. वर्षभरातच ॲना ॲटकिन्स या बाईंनी तिच्यावर समुद्रातल्या शेवाळांचे ठसे घेतले. "म्हणजे समुद्राशी हिचा संबंध पहिल्यापासून आहे," तो म्हणाला. ऊन लागतं तिथे निळं होतं, सावली पडते तिथे पांढरं राहतं. एवढंच.

एवढंच नाही, हे मला दुपारी कळलं.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडी अर्धवर्तुळ मारून जाळं सोडते आणि त्याची दोन टोकं दोन टोळ्या किनाऱ्यावरून ओढतात. मीही दोरीला हात लावला. खरं सांगायचं तर फोटोपुरताच, पाचेक मिनिटं. त्यावर एका काकांनी माझ्यापुढे तारल्यांची पिशवी धरली. नको नको म्हटलं तर त्यांनाच राग आला. दोरीला हात लागला की वाटा मिळतो, त्यात पाहुणा-घरचा असं नसतं. मी नाइलाजानं घेतली, आणि दिवसभर ती पिशवी लपवायला जागा शोधत फिरले.

बारा वाजता वाळूवर ताडपत्री अंथरली. तिच्यावर पिवळट-हिरवं कापड, त्यावर जाळं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं दगड. सहा-सात जण चारी बाजूंनी जाळं ताणत होते, 'गो बाय, हयसर वढ' असा आरडाओरडा चाललेला. बघता बघता कापड राखाडी पडलं. नायलॉनच्या धाग्यातून थोडा उजेड पाझरतो म्हणून रेघा पुसट येतात, जुन्या सुती दोऱ्याची रेघ कशी लख्ख येते बघ, असं चित्रकार दाखवत होता. मला ऊन सोसेना. मी छत्री उघडली, कडेला बसले आणि व्हिडिओ घेत राहिले. पंधरा मिनिटं. जागची हलले नाही, कारण फ्रेम छान लागली होती.

मग धुणं. ताडपत्रीच्या खळग्यात बावीचं गोडं पाणी ओतलं. एक आजी साबणाची पावडर घेऊन आली, तर हा जवळजवळ किंचाळला. सोडा निळा रंग खातो. त्याच भीतीनं जुनी कापडं आधी नुसत्या पाण्यात उकळून घेतली होती. पाणी पिवळं झालं, बदललं, आणि निळ्यात पांढरं जाळं वर आलं. एका जागी जाळ्याची घरं बारीक होती, ठिगळासारखी. आजीनं तिथे बोट ठेवलं. "ह्या माझ्या घोवान इणलेला. तेका मोठी घरा जमतच नाय होती." नवरा जाऊन बारा वर्षं झाली, हे मागून कोणीतरी सांगितलं. ती मात्र साबणाची पुडी कमरेला खोचून पुढची घरं बघत होती.

आणि मग खालचा कोपरा उलगडला. तिथे जाळ्यावर एक फिक्कट, भलामोठा गोल डाग, कडा विरघळलेल्या, त्यातून एक वाकडी शेपटी निघालेली. मला कळायला दोन सेकंद लागली. छत्री. शेपटी म्हणजे फोन धरलेला माझा हात.

रात्रभर दोघा मायलेकांनी लावलेलं कापड, वाडीभरच्या घरांतून जमवलेलं. मी सॉरी म्हणाले, तीनदा. तेवढा तुकडा कापून टाक, दुसऱ्या कापडाचे पैसे मी देते, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलले नसते तर बरं झालं असतं. कोणी काहीच बोललं नाही. चित्रकार कोपरा उन्हाकडे धरून बघत राहिला.

"पाकट आसा ता," आजी म्हणाली.

"खय?"

"ह्यां काय. शेपूट बघ."

सगळे वाकून बघायला लागले. खरंच पाकट दिसत होतं, त्या चपट्या, लांब शेपटीच्या माशासारखं, वाळूत चिकटून बसलेलं. एक पोरगं माझ्या छत्रीकडे बघून फिदीफिदी हसलं. मी पुन्हा कापण्याचं काढलं तर आजी वैतागली. "कापतंस कित्याक? दोरयेक हात लायलंस मा सकाळी? मगे ऱ्हवांदे तुझो वाटो."

संध्याकाळी तारल्या चित्रकाराच्या आईनं तळल्या. मी सहा खाल्ल्या. निघताना वाकळीचे तुकडे पडवीत दोरीवर वाळत होते, निळा आणखी गडद होत चाललेला. पाकट मधोमध टांगलं होतं. छत्री मी तिथेच विसरले. आणायला मागे फिरायची हिंमत झाली नाही.